छाट

निपाणीच्या सरकारी दवाखान्यात
दर मंगळवारी मी दुभाषी असते.
बाकीचे पाच दिवस जन्ममृत्यूची वही.

फॉर्म कन्नडमधला, मॅडम मंड्याच्या,
बाकावर अक्काताई मधाळे, जी म्हणते
मी निपाणीची, म्हणजे दोन्हीकडची पाव्हणी.

पहिला प्रश्न :
गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस
कशातच रस वाटला नाही?
मी मराठी करून विचारला.
"रस कशाचा? उसाचा?"
चेष्टा नव्हती. गुऱ्हाळं सुरू होती तेव्हा.

पुढचा मॅडमनी स्वतःच विचारला,
"संकट आगुत्ता, अम्मा?"
त्यांचं संकट आतल्या आत पिळवटतं.
आमचं बाहेरून येतं, दार वाजवून.
अक्काताई म्हणाली, "यंदा न्हाई बाई.
पाणी घरात शिरलं न्हाई,
सूनबी सुखरूप मोकळी झाली."
मॅडमनी 'इल्ला'पुढं खूण केली.
ती खूण होताना मी बघितली
आणि गप्प राहिले.
बाहेर रांग होती, हे खरं.
पण तेवढंच कारण नव्हतं.

दुखतं कुठं, तर
टाळूवर तापला तवा,
छातीत भिजल्या पानांचं गाठोडं.
फोटो काढला, साफ आला.
कागदावर तीनदा लिहून झालेलं : तंबाखूची धूळ.

पुढच्या मंगळवारी ती सूप घेऊनच आली.
हजार पुऱ्या करायच्या
तर रांगेतही हात थांबून चालत नाही.
शिपाई ओरडला. मॅडम म्हणाल्या, असू दे,
आणि खुर्चीवरून उतरून
फरशीवर तिच्यासमोर बसल्या, साडी सावरत.
पान, जर्दा, वळसा, दोरा.
पान, जर्दा, वळसा.
मधूनच एक विडी बाजूला.
"ती का टाकली?" मला विचारलं.
छाट, म्हटलं. कारखान्यात असली घेत नाहीत,
मजुरीतून वजा.

आधी हजारात किती निघायची?
"वीस. कधी पंधरा."
आता?
"दीडशे. परवा दोनशे. हातच ऐकंना झालाय."
कधीपासून?

सूप थांबलं.
"जैबुन गेली तवापास्नं."

बावीस वर्षं शेजारी शेजारी दोन गोणपाटं.
एकीचा दोरा संपला तर दुसरीचा,
एकीची भाकरी, दुसरीची चटणी,
एकीच्या नवऱ्याला दोघींच्या शिव्या.
रमजानच्या आदल्या रात्री ताप भरला, पहाटे ती नव्हती.
घरच्यांनी घरचं केलं.
हिनं दुसऱ्या दिवशी हजार विड्या केल्या.
शेजारच्या गोणपाटाला
सुतक नसतं.

"जीव नुसता बेजार झालाय गे,"
ती मला म्हणाली, पण मान वर केली मॅडमनी.
"बेजारु?"
माझ्या तोंडाची गरजच पडली नाही.
हिचं बेजार दमलेलं, त्यांचं बेजारु उदास,
मधे वीतभर अंतर उरतंच.
वीतभर चालतं.
पानसुद्धा तेवढंच असतं.

फॉर्मच्या कडेला
मॅडमनी पेन्सिलनं एक रकाना आखला : छाट.
मग आणखी बायका आल्या.
कुणाची तीस, कुणाची नव्वद,
एकीनं आकडा सांगितलाच नाही, नुसती सूपाकडं बघत राहिली.
गोळ्या अक्काताई कधी घेते, कधी विसरते.
छाट एकशेदहावर आली,
दिवाळीत पुन्हा एकशेसाठ.
जैबुनचं गोणपाट तिनं धुऊन घडी घालून ठेवलंय,
त्यावर कुणाला बसू देत नाही.

जूनमध्ये मॅडमची बदली झाली.
नवे डॉक्टर बिदरचे, तरुण, घाईत.
फॉर्म तोच.
"हे कडेला काय खरडलंय? खोडून टाका."
बाहेर रांग होती.
मी खुर्ची ओढून घेतली
आणि म्हटलं, सर,
तुम्ही कधी विडी वळताना बघितलीय?