मीटरवर एकोणचाळीस हजार

कऱ्हाड रस्त्याला, वजनकाट्याच्या मागं,
बाभळीखाली तीन जोंगे उभे आहेत.
पोपट करांडेनं लष्कराच्या लिलावात एकगठ्ठा उचललेले.
एकाला बॉनेट नाही,
एकात कोंबडी बसलीये अंड्यांवर,
तिसरा मला हवाय.

एकोणचाळीस हजार दोनशे अकरा.
"चाळीस पण नाही, शेठ," पोपट म्हणतो
आणि मीटरच्या काचेपुरती धूळ पुसतो,
बाकी गाडी तशीच मळकी.

मी एकतीस वर्षं कोइमतूरला गलाई केली.
भट्टी, मूस, तेजाब.
कसाच्या दगडावर रेघ ओढली की
बावीस म्हणून आणलेलं अठरा निघायचं,
आणणारा मग माझ्याकडं नाही,
पंख्याकडं बघायचा.
सोन्याचं मला कळतं. लोखंडाचं नाही.
म्हणून इलाही शिकलगारांना आणलंय,
विट्याचेच, रिटायर हवालदार, वर्कशॉपवाले.
येताना त्यांनी एक बॅटरी आणि एक जुनं बनियन आणलं.

ते मीटरकडं बघतच नाहीत.
आधी चपला काढतात,
टाचेला पत्रा कळावा म्हणून.
क्लचखाली टाच टेकवतात:
"हितं खळगा पडाय पायजे. न्हाई पडला."
पेडलच्या रबरावरच्या रेघा अजून मोजता येतात.
गियरच्या गोळ्यावरचे आकडे शाबूत.
मागच्या हुकाच्या भोकात बोट फिरवतात:
गोलच आहे, लांबट झालेलं नाही,
ओझं फारसं ओढलेलं नाही.
शेवटी मीटरचे स्क्रू.
खाचेत अजून फौजी हिरवा रंग,
पेचकस कधी लागलाच नाही.
पोपट हसतो,
मोबाइलवर आधीच आकडेमोड सुरू.

मग ते सहाही प्लग काढतात.
पहिल्या भोकावर अंगठा दाबतात.
"मार सेल्फ."
हवेनं अंगठा उडायला हवा.
इंजिन घरघरतं, अंगठा जागचा हलत नाही.
दुसरं भोक. तिसरं.
सहाव्यानंतर ते बनियनला अंगठा पुसत बसतात,
इतका वेळ, की मला वाटतं
हा माणूसही आता वर बघणार.

"मीटर खरं हाय.
गाडी चालली तेवढीच.
इंजिन म्हणाल तर लाख म्हणा, दीड म्हणा,
उभ्यानं चाललेलं कुटं लिहून ठेवत्यात?
वर आमी रात्रीची बंदच करत नव्हतो.
बंद केली की सकाळी दगूड.
वायरलेस हिच्यावर, हीटर हिच्यावर,
एकदा नव्या पोराच्या छातीत पाणी झालं
तर तीन रात्री हिच्यातच निजवला.
चाक जाग्यावर, इंजिन चालू. चार म्हैने."
थोड्या वेळानं म्हणतात,
"म्हंजे हीच न्हवं. हिच्यासारखी."

पोरगा वाचला का, कोणीच विचारत नाही.

माझी खोली दहा बाय आठची.
खिडकी होती, ती धुरासाठी.
वर्षातून एकदा विटा,
तेवढंच धरलं तर मीही फार चाललेलो नाही.
सांगलीचा डॉक्टर नळी फुंकायला देतो,
तिच्यावर एक लाल खूण सरकते, थोडीशी.
पूर्वी किती सरकायची
हे त्याला माहीत नाही,
मलाही.

प्लग परत बसतात. गाडी पहिल्या फटक्यात सुरू होते.
निळसर धूर बाभळीत चढतो,
कोंबडी हलत नाही.
पोपट पाच कमी करतो, मी वीस सांगतो,
तो म्हणतो मीटर खरं आहे ना, तुमच्याच माणसानं सांगितलं,
मी म्हणतो अंगठा,
तो म्हणतो अंगठ्याला कोण विचारतं,
आणि मधे इंजिन चालूच.

शिकलगार खिडकीतून हात घालतात,
किल्ली फिरवतात.
पलीकडच्या गल्लीतले माग एकदम ऐकू येतात.
"चालू द्या तुमचं," ते म्हणतात,
"हिला कशाला उभी चालवताय."