गॅसचा माणूस

मिरकरवाड्याच्या बर्फ कारखान्यात अठरा वर्षं
मी अमोनियाची गळती नाकाने पकडली.
आता मुसफ्फाहून कंपनीच्या बसने अबुधाबीला जातो.
तिथे एका खोलीत
सोन्याचा मुलामा दिलेला पाच खणी डबा उलट्या जगात टांगलाय,
वरचा खण गार, खालचा त्याहून,
आणि तळाच्या खणात जी थंडी आहे
तिला वासच नाही.

बाहेर अठ्ठेचाळीस. बसच्या दांडीला हात लावला तर चामडी निघते.
आत, डॉक्टर शैमा सांगतात,
दोन ताऱ्यांमधल्या काळोखाहून गार.
मी मान हलवतो. मला पंपाचा आवाज कळतो.
धप्प, सुस्स. धप्प, सुस्स.
बिघडायचं झालं तर आधी सुस्स बिघडतं.

एकदा चहा पिताना त्यांनी समजावलं:
तळाशी जे ठेवलंय ते हो आणि नाही एकाच वेळी असतं,
कुणी धक्का देईपर्यंत.
ऊब म्हणजे धक्काच.
"मग डोक्यात?" मी विचारलं. "सदतीस अंश, वर सगळं ओलं."
त्या हसल्या. भांडण तिथेच आहे म्हणाल्या.
काही जण म्हणतात, पेशीतल्या बारीक नळ्यांत ते तग धरतं,
आणि 'मी' तिथूनच उगवतो.
बाकीचे म्हणतात, एवढ्या उबेत ते
जन्मायच्या आधीच मरतं.
"तुमचं काय मत?"
"मी मोजते," त्या म्हणाल्या,
आणि कप धुऊन पालथा घातला.

पलीकडच्या खोलीत मेंदूची नक्कल करणारी चिप आहे.
ती सारखी बडबडत नाही.
जाळ्याच्या दोरीवर बोट ठेवून पेंगणारा खलाशी जसा,
दोरी हलली तरच उठतो.
म्हणून तिला वीज थोडी लागते.
खऱ्या मेंदूला तर वीस वॅट.
आमच्या मोरीतला दिवा याहून जास्त खातो.

चैत्रात, म्हणजे इथे नुसताच एप्रिल,
गुल जमीनच्या पित्ताशयातले खडे काढले.
टॅक्सीवाला, स्वातचा, माझ्या खालच्या बर्थवर झोपतो.
शुद्धीवर आला तेव्हा समोर मीच होतो.
"उलटे आकडे मोजत होतो, पश्तोत.
सत्त्याण्णव. मग तुझी मिशी."
"मधले तीन तास?"
"नव्हते."
"झोपेसारखे?"
"झोपेत रात्र तरी असते." त्याने दोन बोटं जुळवली.
"कापून शिवलं. असं."

मी डॉक्टर शैमांना विचारलं, असं कशाने होतं.
गॅसने, त्या म्हणाल्या, आणि तो नेमका काय करतो
ते अजून पुरतं कुणालाच ठाऊक नाही.
गॅस म्हटल्यावर मला जरा लागलं.
गॅस हा माझा धंदा.
माझं यंत्र बंद केलं तर गरम व्हायला दोन दिवस जातात,
प्रत्येक तासाचा आकडा वहीत असतो, माझ्या सहीचा.
गुलचे तीन तास कुठल्या वहीत?
पंप चालू होता. छाती वर, छाती खाली.
टाकी गच्च, जोड पक्के, कुठे फुगा नाही,
आणि माणूस गळून गेलेला.
गेला कुठून, ते असू दे.
परत आला तो तोच, हे त्याला कुणी सांगितलं?
घरी पैसे पाठवायची तारीखसुद्धा त्याच्या ध्यानात होती.

रात्री खोलीत आठ जण. खिडकीतला एसी आचके देतो,
मला झोप लागत नाही, सवयीने त्याचंच ऐकत राहतो.
परवा गुल कण्हला. टाके ताजे होते,
ताप बघायला खाली उतरून
त्याच्या कपाळावर हात ठेवला.
ओलं. उबदार. आत काहीतरी चाललेलं,
आवाज न करता.
डोळे न उघडता त्याने विचारलं, "कोण?"
"मी."
"इथे आठ जण मीच म्हणतात. मी म्हणजे कोण?"
थोडा वेळ मला सुचेना.
मग म्हटलं, "फणसोपकर. एसीवाला. झोप."