दगड मुरतोय

बाथटबमध्ये दगड ठेवलाय, अजमानला,
तिसऱ्या मजल्यावर; माझी अंघोळ आता बादलीनं.
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आला विमानानं,
कागदावरची लिपी मला वाचता येत नाही.

दुकानातला बिजॉय म्हणाला, जिवंत आहे हा.
नाकाला तो वेगळंच सांगत होता:
वेंगुर्ल्याच्या बंदरात जाळी झटकल्यावर
मागे राहतो तो वास, तीन दिवस उन्हात.
शेजारच्या उम्म राशिदनं दोनदा बेल वाजवली.

जुन्या टूथब्रशनं मेलेला स्पंज खरवडते,
साईसारखा सुटतो, करडा.
एसी चोवीस तास, त्याच्याचसाठी.
समुद्र तर रस्त्यापलीकडेच पसरलेला,
आणि मी तोलून तोलून मीठ विरघळवते
नळाच्या गोड पाण्यात,
जे मुळात त्याच समुद्रातून
मीठ काढून घरी आलेलं.
हसायचं त्यानं हसावं.

रोज काचनळीत मोजून थेंब.
हिरवा. गडद हिरवा. हिरवाच.
मरायचं ते मरू दे, बिजॉय म्हणतो,
त्यावरच पुढचं पाणी उभं राहतं.
मल्हार फोनवर विचारतो, आत्या, मासे आले?
नाही रे. अजून दगडच.

सदतिसाव्या रात्री नळी पिवळी.
टॉर्चला लाल कागद बांधून वाकून बघते:
भोकातून एक पाय, केसाएवढा,
मग दुसरा, चाचपत,
कडेवर थांबून पुन्हा आत.

अगं बाई,
एवढे दिवस होतास कुठे?

टॉर्च विझवते. पंप गुणगुणतो.
उद्याही अंघोळ बादलीनंच.