मोजणारा

मी डॉक्टर नाही. मी मोजणारा.
निळ्या ट्रेवर बोथट सुरीनं
गोळ्या पाच-पाचच्या ढिगात सरकवतो,
शाळेच्या जुन्या वहीचं पान फाडून पुडी करतो.
पुडीच्या आत कधी कुणाचा भागाकार असतो,
लाल शाईनं चुकलेला.

आत म्सुक्वा एकटा. बाहेर एकशे बारा माणसं,
सरोवराकडचा वारा, आणि खोकला.
मलेरियाच्या पट्टीवर एकच रेघ:
मलेरिया नाही.
मग काय आहे, हे सांगणारी पट्टी
मलावीत आमच्यापर्यंत अजून पोचलेली नाही.

"आपोआप बरं होईल," म्सुक्वा म्हणतो.
न्याम्हांगो भांडत नाही. भांडली असती तर सोपं होतं.
ती पाठीवरचं बाळ सोडून मांडीवर घेते
आणि बसून राहते,
तीन तास चालून आलेली बाई बसते तशी.
समजावायला दहा मिनिटं लागतात,
अमॉक्सिसिलिन लिहायला दहा सेकंद.
चिठ्ठी माझ्याकडे येते. मी मोजतो.

रविवारी तिच्या वस्तीवर कोंबडी घ्यायला गेलो.
तिनं चितेंजेची गाठ सोडली:
माझीच पुडी, माझंच अक्षर,
तारीख दोन वर्षांपूर्वीची.
एक नवऱ्याच्या दाढेला दिली, म्हणाली,
दोन शेजारच्या पोराला,
एक पाण्यात कालवून पिलांना.
"एकही मेलं नाही," हे अभिमानानं.
मी कोंबडी घेतली. खाल्लीसुद्धा.

मागच्या खोलीत म्हातारा कोळी झोपलाय, चिसाले.
पायाची जखम तिसऱ्या औषधालाही दाद देत नाही.
पू तपासायची सोय जिल्ह्याला,
जिल्ह्याच्या गाडीत डिझेल नाही.
तो मला विचारतो, किती गोळ्या उरल्या?
मला आकडा ठाऊक आहे. मी खिडकी लावतो.

सोमवारी न्याम्हांगो पुन्हा रांगेत, बाळ दुसरं.
म्सुक्वानं छातीला नळी लावली, श्वास मोजले,
तिच्याकडे न बघता पुन्हा मोजले.
रांग चुळबुळली. दहा मिनिटं गेली. बारा.
मग मला हाक मारली: "तापाच्या सहा बांध. बाकी काही नाही.
श्वास जोरात चालला तर रात्रीसुद्धा ये म्हणावं."

मी पुडीवर एक फुगलेली छाती काढली,
शेजारी आमचं दार. चित्र बेडकासारखं झालं.

तिनं खिडकीतच पुडी उघडली, मोजल्या.
सहा.
पुन्हा मोजल्या.
इतक्या वर्षांत माझं मोजणं
पहिल्यांदाच कुणी तपासलं.