सामाईक

वाटणीच्या कागदावर सगळं आलं:
बाबांची स्कूटर, तिची हरवलेली स्टेपनी धरून,
पितळेची पातेली सहा-सहा,
गच्चीवरच्या टाकीतलं पाणी,
सुदामा नगरातला तीस बाय पन्नासचा प्लॉट
आणि त्याच्या मधोमध एक रेघ.

राहिली ती टीव्हीखालची काळी पेटी,
कार्यक्रम साठवून ठेवणारी,
जिची एक वायर मुकुंदाच्या खोलीत जायची
आणि एक माझ्या.

भिंत छातीपर्यंत आली तेव्हा
गवंडी वीट हातात घेऊन थांबला.
"बाबूजी, ये तार?"
मुकुंदा छताकडे बघत होता,
मी सिमेंटच्या घमेल्यात.
त्याने दोन विटांत बोटभर जागा सोडली
आणि पुढचा थर रचला.

आता पेटी त्याच्याकडे, रिमोट दोघांकडे.
पेटी एक म्हणून चित्रही एक:
तो लावेल ते मला दिसतं,
मी लावीन ते त्याला.
पहिला महिना नुसती बोटांची मारामारी.
मी बातम्या, तो क्रिकेट,
मी बातम्या, तो क्रिकेट.
एकदा पलीकडून सुहासिनीचा आवाज आला, "अहो, पुरे!"
इकडे मीनलही नेमकं तेच म्हणत होती.

मग कोणी न ठरवता वेळा ठरल्या.
सात ते साडेनऊ त्याचे,
पुढे माझं राज्य.
रविवारी दुपारच्या जुन्या सिनेमाला
कोणी हात लावत नाही.

एक दिवसाआड नर्मदेचा नळ येतो.
त्या दिवशी गोलंदाज उडी मारतो
आणि हवेतच राहतो.
मी आत ओरडतो, "मीनल, बादल्या लाव!"
मुकुंदाने सहा वर्षांत हाक मारलेली नाही.
गोलंदाज खाली उतरला
की समजायचं, त्याची टाकी भरली.

पेटीही भरते. सत्त्याण्णव टक्के, अठ्ठ्याण्णव.
मग यादी उघडून पुसत बसायचं,
ज्याने त्याने आपापलं.
खोटं कशाला बोलू,
एकदा मी त्याचा रणजीचा अख्खा दिवस पुसला,
पाच तास चाळीस मिनिटं, एका बोटाने.
मजा आली.
रात्री दोनपर्यंत झोप नाही आली.

परवा यादीत खाली गेलो, आणखी खाली,
भिंतीच्या आधीच्या तारखांपर्यंत.
तिथे गणपतीतला कार्यक्रम, लोकल केबलवरचा, अकरा मिनिटं.
त्यात माझी जुई, नऊ वर्षांची,
पहिल्या रांगेत, सगळ्यांच्या उलट्या पायावर नाचणारी.
नावापुढे एक छोटं कुलूप:
हे पुसता येणार नाही.
कुलूप कसं लावतात मला येत नाही.
मीनलला तर रिमोटची तीनच बटणं माहीत.
जुई पुण्याला असते, तिला तो नाचही आठवत नाही.

काल चौकसे केबलवाला आला,
आधी तिकडे, मग इकडे.
"भिया, डिस्क घिस गई है, किर्र-किर्र कर री है.
दो अलग-अलग बक्से ले लो, सस्ते में कर दूँगा.
तार खींच लेंगे, छेद में पुट्टी भर देंगे,
पता बी नी चलेगा."
मी विचारलं, "उधर क्या बोले?"
"बोले, भैया से पूछ लो."

भैया.
मी चष्मा पुसला.
"देखते हैं," म्हणालो,
आणि त्याला चहा पाजला, जो तो तिकडूनही पिऊन आला होता.

रात्री साडेनऊ झाले.
तिकडची मॅच शेवटच्या षटकात होती.
रिमोट माझ्या मांडीवर, मी हात लावला नाही.
मॅच संपली. बक्षिसं वाटून झाली.
जाहिरात, जाहिरात, बनियन, हिंग.
नऊ बावन्नला पडदा हलला
आणि माझ्या बातम्या लागल्या,
मी काही न दाबता.

आवाज तेवढा
ज्याचा त्याला वाढवावा लागतो.