मुका हात

निपाणी स्टँडाच्या मागच्या अंगाला
कुलपं आणि छत्र्या दुरुस्त करायचे दस्तगीर किल्लेदार.
गिऱ्हाईक नसलं की फळीखालून कॅट काढायचे,
कडा मऊ झालेला,
चौकट दुर्रीचा एक कोपरा उंदरानं खाल्लेला.
"अवघड जादू पोट भरणाऱ्यांची," म्हणायचे,
"तू सोपी शीक. सोपी घरात चालती."

पहिले तीन आठवडे जादू नाहीच.
कॅट नुसता डाव्या तळहातावर धरायचा,
तव्यावरनं काढलेल्या भाकरीसारखा,
दाबवत नाही, टाकवत नाही.
मग पिसताना तळाचं पान बघायचं,
आणि बघितलं हे कुणाला दिसू द्यायचं नाही.
ते किल्लीचं पान.
त्यानं काढलेलं पान वर ठेवू दे, एकदा काट,
किल्ली आपोआप त्याच्या डोक्यावर जाऊन बसते.
मग एकेक उलटत जा,
किल्लीच्या पाठोपाठ येईल ते त्याचं.
"एवढंच?"
"कुलपातबी एवढंच असतंय."

मोजायचं मात्र कानडीत.
ओंदु, एरडु, मूरु.
समोरचा मराठी असला तर शब्दात अडकतो,
कानडी असला तर माझ्या उच्चाराला हसतो,
दोन्ही वेळा हात मोकळे.

चिकोडीच्या बसमध्ये, मांडीवरच्या दप्तरावर सराव.
सौंदलग्याच्या एका कंपाउंडरला तीनदा फसवलं.
त्यानं उतरताना खिसा चाचपून बघितला.

मग आई.
उंबऱ्याशी बसलेली, मांडीवर सूप,
पान, जर्दा, दोरा,
डोळे टीव्हीकडं आणि बोटं आपल्या वाटेनं.
म्हटलं, एक पान काढ.
पिवळ्या पडलेल्या नखानं तिनं काढलं.
मी काटलं, फुंकर घातली, कानडीत मोजलं,
इस्पिक राणी तिच्यासमोर ठेवली.

"खालचं बघितलास," ती म्हणाली.
विडी वळायची थांबली नाही.

पुन्हा केलं.
"आता अंगठा खोटं बोलला."

पुन्हा.
"आता माझ्या तोंडाकडं बघालास.
खरं काम करताना कोण तोंडाकडं बघतंय?"

तुला कसं कळतं, विचारलं.
तिनं दाताखाली दोरा तोडला.
"कारखान्यात चेकर हुता.
उजव्या हातानं एक विडी उजेडात धरायचा,
ही बघा, पोकळ.
सगळ्या बायका त्या एका विडीकडं बघायच्या.
तवर डावा हात
चांगल्या विड्यांचा कट्टा छाटीच्या टोपलीत ढकलायचा.
एकवीस वर्षं, दर शनवारी.
मी डावाच बघायची."

"मग बोलली का नाहीस?"

टीव्हीवर जाहिरात लागली होती. ती तीच बघत राहिली.
बऱ्याच वेळानं म्हणाली,
"खेळ मोडला असता की रे.
मग हजाराचे पैसे कुणाकडनं आणायचे हुते?"

त्या रात्री कॅट तिनं मागून घेतला.
तिच्या हातात तो लहान दिसत होता.
पिसत नव्हती ती,
भिजवून मऊ केलेली पानं निवडावीत तशी
एकेक चाळत होती,
कुठलं फाटकं, कुठलं जून.
"बोलणारा हात जरा आधी हलू दे," म्हणाली,
"मुका मागनं. घाई त्याची नसती कधी."
आणि बदाम नव्वी
माझ्या नाकासमोरून गेली, मला दिसली नाही.

दुसऱ्या दिवशी दस्तगीरना सगळं सांगितलं,
हसत हसत, आईचं कौतुक म्हणून.
ते एका जुन्या कुलपात तार फिरवत होते.
"चेकरचं नाव सांगितली?"
"नाही."
"बरं."
कुलूप टक्कन उघडलं.
त्यांनी ते तसंच पुन्हा लावलं
आणि त्या दिवशी कॅट काढला नाही.