मयताचं काम

दोन दिवसांचे अठराशे रुपये, जेवण त्यांचं.
काम एकच : मेलेलं असणं.
दिवाडीच्या खाजनात, मानशीच्या दाराशी
मी उताणी पडले होते, एका पायात चप्पल,
आणि चाळीस-पन्नास माणसं हळू बोलत होती
जशी मी खरंच गेलेय.

कागदावर इन्स्पेक्टरला नाव होतं, व्यसन होतं,
सोडून गेलेली बायको होती.
खुन्याला तर अख्खं बालपण,
तीन भाग पुरेल एवढं.
माझ्यापुढे : मृत स्त्री, वय अंदाजे पस्तीस.
विचारलं, हिचं नाव काय?
सहायक पोरगा म्हणाला, मॅडम, श्वास दिसतोय.

आता दर शुक्रवारी रात्री नऊला
गाव माझा अर्थ लावतं.
दामबाब मास्तर म्हणतात, एकच चप्पल
म्हणजे अर्ध्यावर राहिलेला संसार.
(दुसरी चिखलात रुतली. माझीच होती. भरपाई नाही.)
कायतान फेरीबोटीचा दोर टाकता टाकता विचारतो,
खोटं बोलायच्या आधी तो घड्याळ काढून ठेवतो,
बघितलंस गो?
आणि रूपेक्षा, कॉलेजात शिकणारी,
तिला खुन्याचं बिमलं खाणं दिसतं :
मीठ न लावता, तोंड वाकडं न करता.
ज्याला आंबट लागत नाही
त्याला काहीच लागत नाही, मावशी.
हे मात्र मला पटलं.

कुर्लीवरून तर भांडणं झाली.
चौथ्या टेकला माझ्या मनगटावरून गेली ती.
कुणी म्हणालं पाप, कुणी म्हणालं काळ.
ती कुर्ली होती.
तिला पलीकडे जायचं होतं.

मुठीत द्यायचं होतं खुन्याच्या कोटाचं बटण, काळं.
मी शिंपीण, राहवलं नाही :
मशीनने टाचलेलं बटण हिसक्याने येत नाही,
आधी कापड फाटतं.
कुणी ऐकलं नाही.
प्रेताने मत द्यायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी, तोंडाला निळी पावडर लागायच्या आधी,
मी घरचं बटण मुठीत घेतलं.
पांढरं, शिंपल्याचं, चार भोकांचं.
त्यांना कळलं ते मागाहून,
तोवर दिग्दर्शकाला आवडून गेलं होतं.
पडद्यावर दोन सेकंद आहे.
मास्तर म्हणतात चंद्र.
कायतान म्हणतो डोळा, माशाचा.
रूपेक्षा बराच वेळ काही बोलली नाही,
मग म्हणाली, न झालेलं मूल असेल.
मी फुलके लाटत होते.

दुकानात आरशामागच्या खिळ्याला
एक निळा कुडता आहे, नऊ वर्षं.
पिसुर्ल्याच्या खाणीवर वजनकाट्याला बसायची शालन,
ट्रकांचे नंबर लिहून लिहून बोटाला घट्टा पडलेला.
नार्व्याच्या फेरीने आली होती,
बटणं स्वतः म्हापशाहून निवडून आणलेली, सहा,
पुडी उघडून एकेक मला दाखवली.
माप घेताना मी तिची पाठ पाहिली.
काही विचारलं नाही.
टेप गुंडाळला, म्हटलं, शनिवारी ये.

बुधवारी ती मानशीत सापडली.
पेपरात चार ओळी, आडनाव चुकलेलं.
पोलीस दोनदा आले, पाणी बघून गेले.
तिची चप्पल एक होती की दोन
कुणाला आठवत नाही.

शेवटच्या भागात खुनी सापडेल म्हणतात.
गावाने पैजा लावल्यात.
मला विचारतात, तुला माहीत असेल की,
तू तर तिथेच होतीस.

पाच बटणांचा कुडता काल झटकून परत टांगला.
वहीत अजून आहे माझ्याच अक्षरात :
छाती चौतीस. बाही पूर्ण.
गळा मागून वर घ्यायचा, बंद. दोनदा सांगितलंय.
आगाऊ पन्नास, बाकी एकशे तीस.
तयार.